जावयाला न खेळवणारे साहेब

आमच्या साहेबांइतक्या इमानाने नोकऱ्या घालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तरुणपणी ते विलायतेत फुटबॉल खेळायचे. पहिल्या महायुद्धानंतर गुडघा गेला, तेव्हा त्याच क्लबाचे मॅनेजर झाले. तिकडे संघ निवडायचा मॅनेजरने आणि मॅनेजर निवडायचा चेअरमनने. साहेबांनी चेअरमनच्या जावयाला बाहेर बसवलं आणि चेअरमनने साहेबांना. पुढच्या क्लबात हेच, त्याच्या पुढच्यातही हेच. "हर क्लब में एक दामाद था," असं ते तिकडच्या धुक्याबद्दल बोलावं तसं सांगत. शेवटी कंटाळून समुद्र ओलांडला आणि बुऱ्हाणपूरच्या एका कापडगिरणीत देखरेखीचं काम धरलं.

स्वातंत्र्य आलं, बाकीचे गोरे गेले. साहेब राहिले, कारण आमचा संघ त्यांनी नुकता हाती घेतला होता आणि आमचा लेफ्ट-आऊट अजून डाव्या पायाने किक मारायला शिकायचा होता. मी नगरपालिकेत कारकून आणि संघात गोलकीपर. केळीच्या बागेला लागून आमचं मैदान. साहेब कधी रागवायचे नाहीत. गोल झाला की जवळ येऊन मला म्हणायचे, "तुम बहुत अच्छा गिरा. मगर बॉल उधर था."

देशभर संस्थानं विलीन होत होती, पण आमच्या क्लबाच्या अध्यक्षांचं संस्थान शाबूत होतं. शेठजी केळीचे बडे व्यापारी. खंडव्याच्या संघाशी सामना ठरला, मंत्री येणार असं कळलं आणि शेठजी मैदानावर हजर झाले.

"साहेब, आमचे जावईबापू सेंटर-फॉरवर्ड खेळतील. मंत्र्यांना दिसले पाहिजेत."

"दौडता है?"

"दौडने की क्या जरूरत? जावई आहेत ते!"

शेठजी गेल्यावर आम्ही साहेबांना विनवलं, "एक मॅच खेळवा त्यांना. इथूनही काढलं तर तुम्ही कुठे जाणार?"

साहेब बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "जो लडका सालभर दौडा, उसको क्या बोलूँ?"

जावईबापू बाहेर बसले. आम्ही जिंकलो.

मंत्र्यांच्या हस्ते साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्याच समारंभात शेठजींनी आपल्या अलंकारिक मराठीत जाहीर केलं की साहेबांना आता विश्रांती देण्यात येत आहे. साहेबांना ते कळलं नाही. सगळ्यांबरोबर तेही टाळ्या वाजवत होते. मी कानाशी लागून अर्थ सांगितला. त्यांचे हात थांबले. "वहाँ तो चाय भी नहीं पिलाते थे," एवढंच म्हणाले, खांद्यावरची शाल सारखी केली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

पुढे गिरणीतलं कामही सुटलं. बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर लालबागला; तिथे आम्ही सगळा संघ त्यांना पोचवायला गेलो. मी विचारलं, "तिकडे जाऊन काय करणार, साहेब?"

"मॅच देखेगा," ते म्हणाले. "टिकट लेके. पब्लिक में बैठके. आज तक कभी देखा नहीं."

गाडी हलली. आम्ही फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर धावलो. साहेब दारात उभे राहून आमच्या पायांकडे बघत होते.