तात्यांचं लाल वासरू आणि चालू माइक

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. माझ्या शिकवण्याने कुणाचा संसार मोडायची वेळ आजवर एकदाच आली आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा होता.

तिच्या मुलीचं बारसं होतं, सासरी, ठाण्यातल्या बाळकुमला. आम्ही सगळे माहेरचे कोपरहून गेलेलो. बाळाचे केस चक्क भुरे! (आईबापाचे काळेकुळकुळीत.) पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बहिणीचे सासरे तात्या तर वेगळ्याच दुःखात. टॉवरांच्या मधोमध अजून गोठा टिकवून बसलेला माणूस!

"मास्तर, गाय काली, वलू पन काला. मंग वासरू लाल कसा झाला? ढोरांच्या डॉक्टरनी भलत्याच वलूचा बीज दिला! उद्याच बघतो त्याला!"

आता डॉक्टरची अब्रू वाचवणं मला भाग होतं. (कुणी सांगितलेलं? कुणीच नाही!)

"तात्या, काळा रंग दांडगा. लाल बिचारा त्याच्याखाली दबून राहतो. गाय आणि वळू दोघांच्याही अंगात तो लपलेला असला, की..."

"जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय!"

मी आवाज चढवला. पाळण्याच्या गाण्यांसाठी आणलेला माइक माझ्या शेजारच्या खुर्चीवर चालूच होता, हे मला काय माहीत! हॉलभर घुमलं :

"आई काळी, बाप काळा आणि पोर लाल झालं, म्हणून बाप दुसराच असं नसतं!"

पाळणा थांबला. सगळ्यांनी आधी बाळाचे केस बघितले, मग आमच्या जावयाचं तोंड.

"दादा!" बहीण किंचाळली.

"अगं, मी गाईबद्दल बोलतोय!" (हेही माइकवरच.)

"सख्ख्या बहिणीला गाय म्हणतो!" मागून आमची आत्या.

बहिणीच्या सासूबाई पदर खोचून माझ्या दिशेने निघाल्या. संपलं, म्हटलं. बहीण, बाळ, पाळणा, सगळं आजच रिक्षात घालून कोपरला!

"नातीचं केस माझ्यावर गेलेत," त्या कडाडल्या, "लहानपनी माझं पन भुरंच होतं. त्यात काय इचारायचा? पन माझ्या सुनेला काली कोन बोलला?"

मग मला गोठ्यात नेण्यात आलं. सगळ्या पाहुण्यांसमोर, लाल वासराच्या गळ्यात हात घालून, मी आनुवंशिकतेचा पूर्ण धडा घेतला. तात्यांनी डॉक्टरला माफ केलं. बहिणीने मला केलं नाही.

शेवटी बारशी दोन झाली. मुलीचं नाव तिच्या आत्याने ठेवलं. वासराचं सासूबाईंनी, माझ्याकडे रोखून बघत. माझंच ठेवलं!

"कवा पन हंबरतो," म्हणाल्या.