म्हाळसाबाईंची सवत

कळसच्या मल्हारनं मेंढरं विकून पॉवर टिलर आणला, तेव्हा गावाला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. नवऱ्याचं नाव मल्हार, बायकोचं म्हाळसा. खंडोबाला बानू नावाची दुसरी बायको होती, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टिलर टेम्पोतून खाली उतरायच्या आत कुणीतरी त्याचं बारसं उरकून टाकलं. म्हाळसाबाईंच्या घरात बानू आली.

"सवत तर सवत," म्हाळसाबाई म्हणाल्या. "कामाची निघाली म्हंजी झालं."

मेंढरं गेल्याचं त्यांना वाईट वाटलं होतं, उगाच खोटं कशाला सांगा. पण ही पंच्याण्णव सालाच्या आसपासची गोष्ट. रानं बागायती होत चालली होती, चराईला जागा उरली नव्हती, आणि घरच्या डाळिंबाच्या ओळींत बैल घातले तर फांद्या मोडत. दोन चाकांचं हे यंत्र मात्र ओळीतून बरोबर जायचं. पुढे इंजिन, मागे माती उकरणाऱ्या वाकड्या पात्या, आणि त्यांच्यामागून लांब दांडे धरून चालणारा मल्हार.

मल्हारचं बानूवर प्रेम होतं, पण ते नव्या नवरदेवाचं प्रेम. दसऱ्याला झेंडूचा हार, रविवारी भंडारा, येता-जाता पाठीवर थाप. ऑइल बघायचं तेवढं त्याच्या ध्यानात राहत नसे. टिलर पोचवायला आलेल्या फिटरनं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मल्हार मान डोलवत होता आणि म्हाळसाबाई ऐकत होत्या. सकाळी यंत्र सपाट जागेवर उभं करून ऑइलची कांडी पुसून बघायची, एअर फिल्टरच्या वाटीतलं तेल मातकट झालं की बदलायचं, पात्यांचे बोल्ट आवळायचे, पट्ट्यावरचं पत्र्याचं कव्हर कधी काढून ठेवायचं नाही. जन्मभर मेंढरांचे खूर उचलून बघितलेल्या बाईला यात अवघड काय? ही कामं त्यांनी आपसूकच अंगावर घेतली.

पण एका गोष्टीनं त्यांचा जीव टांगणीला लागायचा. हरळी माजलेल्या रानात पात्यांना गवत गुंडाळलं जातं आणि ते हातानं उपटून काढावं लागतं. इंजिन बंद केल्याशिवाय पात्यांना हात लावायचा नाही, असं फिटरनं दहादा बजावलं होतं. मल्हार इंजिन चालूच ठेवायचा. गियर काढायचा, खाली बसायचा आणि गप्पा मारत हरळी ओढायचा. चालत्या मेंढराच्या लोकरीतलं गोखरू काढायची सवय लागलेला हात तो, निर्धास्त फिरायचा. शेजारच्या वस्तीवरच्या रामहरीनं असंच केलं होतं. त्याला आता तंबाखूसुद्धा बायको मळून देते.

म्हाळसाबाई ओरडायच्या आणि मल्हार हसायचा. "गियर काढलाय की."

मग एक दिवस डाळिंबातच ते झालं. गियरचा खटका अर्धवट बसला होता. यंत्राला धक्का लागला आणि पात्या अर्धा वेढा फिरल्या. मल्हारचा हात बाहेर आला, सदऱ्याची बाही आत राहिली. म्हाळसाबाईंनी धावत जाऊन इंजिन बंद केलं आणि आधी त्याचा हात बघितला. मनगटाचं सालपट निघालं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. त्यानंतर त्यांनी नवऱ्याला जे सुनावलं ते इथं छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार पटका बांधत होता. सगळे वेढे डाव्या हातानं. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

"हे कवापास्नं?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

मल्हारनं पटक्याचं टोक खोचलं. मग म्हणाला, "आखाडात हँडलनं उलटं मारलं."

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. टिलरचं इंजिन हँडल फिरवून चालू करावं लागायचं, आणि ते कधी कधी उलटा झटका देतं. दुखावलेल्या खांद्यानं मल्हारला आता ते जमत नव्हतं. चारचौघांत हँडल मारता मारता दम लागला तर लोक काय म्हणतील? म्हणून तो सकाळी घरामागं, कुणी बघत नाही असं पाहून, कसंबसं एकदा चालू करायचा आणि दिवसभर बंदच करायचा नाही. लाजेपायी बोटं पणाला लावली होती बाप्यानं.

"तुमी बंद करत जावा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "चालू मी करीन."

आणि त्या शिकल्या. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडं सारलेल्या. डाव्या हातानं हवा सोडायचा खटका उचलून धरायचा, उजव्या हातानं हँडल फिरवून वेग आणायचा आणि मग खटका सोडून द्यायचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे हँडल उलटं आलं तरी हातातून निसटून जातं. त्यात जोरापेक्षा लय जास्त होती, जातं ओढताना असते तशी. मल्हार भाड्यानं दुसऱ्यांच्या रानातही टिलर चालवायचा; तेव्हापासून त्या प्रत्येक कामावर त्याच्याबरोबर जाऊ लागल्या. लोक हसायचे. त्या हसण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, मल्हारला मात्र ते लागायचं. म्हणूनच आपण जवळ नसलो तर हा माणूस काय करेल, याचा त्यांना भरवसा नव्हता.

पुढं सणसरला आप्पासाहेब नावाच्या बागायतदाराच्या उसात काम निघालं. ऊस गुडघ्याएवढा आणि सरीत हरळीच हरळी. नेमकं त्यातच जळोचीला बहिणीच्या नातवाचं बारसं आलं. म्हाळसाबाईंनी सकाळी तिथं रानात टिलर चालू करून दिला.

"गवत अडकलं तर बंद करा आन् बांधावर बसून ऱ्हावा. मी दुपारच्या यष्टीनं येती."

"व्हय, व्हय," मल्हार म्हणाला.

हे "व्हय, व्हय" म्हाळसाबाईंच्या लग्नापासून ओळखीचं होतं.

बारशात त्यांचं लक्ष लागलं नाही. बायका पाळणा म्हणत होत्या आणि यांच्या कानात इंजिन वाजत होतं. त्या जेवायलाही थांबल्या नाहीत. घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या आणि मिळेल त्या गाडीनं निघाल्या.

सणसरला रानाजवळ उतरल्या आणि जागीच थबकल्या. मधल्या चढामुळं रान दिसत नव्हतं, आणि तिकडून आवाजही येत नव्हता. ज्या आवाजाला त्या रोज शिव्या घालायच्या, तोच ऐकायला त्या कान देऊन उभ्या राहिल्या. बंद केलं असेल, असं एक मन म्हणे. दुसरं मन रामहरीचा हात दाखवी. त्या चढ ओलांडून सरीतून पळत सुटल्या. उसाची पानं पोटऱ्यांना चरचरत होती, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

टिलर रानाच्या मधोमध उभा होता. शेजारी उपटलेल्या हरळीचा ढीग. पलीकडच्या बांधावर गडी जमले होते आणि आप्पासाहेबांचा आवाज चढला होता.

"अरे, माझा गडी मारतो की हँडल! सगळं काम खोळंबलंय."

"न्हाय, आप्पासाहेब." हा मल्हारचा आवाज. "उलटं आलं तर मनगट मोडंल त्याचं. माझा खांदा त्यानंच गेलाय. मला न्हाय जमत आता. तिला जमतं. ती येऊ द्या."

गडी हसले. "म्हंजी म्हाळसा आल्याबिगर बानू उठत न्हाय म्हणा की!"

"न्हाय उठत," मल्हार म्हणाला.

म्हाळसाबाई पुढं झाल्या. धाप लागल्यानं बोलता येत नव्हतं. त्यांनी पदराची गाठ सोडली.

"हात करा. घुगऱ्या हायत."

मल्हारनं एक हात पुढं केला.

"दोनी."

त्यानं ओंजळ धरली. मातीनं काळी, हरळीनं हिरवी. म्हाळसाबाईंनी एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत सावकाश नजर फिरवली, संध्याकाळी मेंढरं मोजून कोंडताना फिरवायच्या तशी. मग ओंजळ घुगऱ्यांनी भरली, आणि सगळ्यांदेखत त्यांना रडू आलं.

"काय झालं गं?" मल्हार घाबरला.

"काय न्हाय. खावा तुमी," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि पदर कमरेला खोचत टिलरकडं गेल्या.