दाराबाहेरचे आबा

माझे सासरे आबा हळू बोलूच शकत नसत. देवापुढेसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मागायचे. तरुणपणी तालमीत अंग कमावलेलं, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध: दूध. रोज संध्याकाळी माझ्या लहानग्या गौरीला खांद्यावर घेऊन ते दूधकट्ट्यावर जायचे आणि समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला तिच्या तोंडाला लावायचे. घरी आल्यावर ती जेवायला तोंड उघडत नसे. "दूध पिलीया की! भाकरी कशाला पायजे?" हे वर आबांचं.

पुढे गौरीला शी होईना. झालीच तर खडा, आणि इतकं दुखायचं की पुढच्या वेळी ती पडद्यामागे पाय आवळून उभी राहायची. आबांनी पेला मोठा केला.

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, दूध कमी करा, पाणी, फळं, भाज्या वाढवा, औषध मध्येच थांबवू नका, जेवणानंतर शीला बसवा आणि अजिबात रागावू नका. आबा भडकले. "दुधानं कुणाचं पोट बिघडलंय व्हय? कोल्हापुरात ऱ्हातोय मी!" त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मीही काही कमी नव्हते.

एका सकाळी गौरी किंचाळत येऊन त्यांच्याच धोतराला बिलगली. "आबा, दुखतंय, नको!" आबांनी तिला उचलून पोटाशी धरलं. त्या दिवसापासून कट्टा बंद, स्वतःचासुद्धा. मित्र बोलवायला आले तर म्हणाले, "मी गेलो की ती मागं लागती. न्हाय येत."

मग जेवण झालं की ते गौरीला संडासात बसवायचे, पायाखाली पाट द्यायचे आणि दाराबाहेर बसून जुन्या कुस्त्या सांगायचे, चक्क हळू आवाजात. ती रडकुंडीला आली की म्हणायचे, "घाई न्हाय, बाळा. मी हाय न्हवं हितं." काही झालं नाही तरी शाबासकी ठरलेली. असे कित्येक महिने गेले, तेव्हा कुठे तिची भीती गेली. एवढा धीर माझ्यात नव्हता, आणि त्यासाठी मला ते फार आवडायचे.

गेल्या वर्षी आबा गेले आणि गौरीचं पोट पुन्हा अडलं. डॉक्टरीणबाईंनी औषध परत सुरू केलं. दाराबाहेर आता मी बसले. मला कुस्तीतलं काय कळतंय? एकदम रडूच फुटलं.

आतून गौरीचा आवाज आला, "आई, घाई न्हाय. मी हाय न्हवं हितं."