मावशींच्या नावापुढचा अंगठा

पंधरा जून, महिला ग्रामसभा. हजर: मी, नऊ बाया, सातवी पास झालेल्या तीन मुली आणि ग्रामसेवक. शिक्क्याच्या शाईचा वास आला की ही नोंद आठवते आणि डोकं तापतं. पुढची शाळा बोरीला होती. सकाळच्या एसटीचा ठराव झाला नाही, तर मुली घरी बसणार होत्या. ग्रामसेवक रजिस्टर मिटत म्हणाले, "ताई, सभा सकाळीच झाली. समद्या बायांचे अंगठे हायत. एसटी कुणीच मागितली न्हाई." मी रजिस्टर ओढून घेतलं. शेजारच्या मावशी माझ्याच साक्षरता वर्गात सही शिकलेल्या, आणि त्यांच्या नावापुढे निळा अंगठा! मावशींनी चष्मा लावला. "आगं, ह्यो तर आमच्या मालकाचा दिसायलाय. इळ्यानं कापल्याची खूण बघ की. तीस वर्सांत पयल्यांदा माझं काम केलं त्यांनी!" बाया हसल्या, मला हसू आलं नाही. मुलींनी तिथंच कोऱ्या कागदावर ठराव लिहिला, नऊ बायांनी सह्या केल्या आणि मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही. एसटी आलीच नाही. तिघी सातवीवरच थांबल्या. यंदा सातवी पास झालेल्या पाच मुली आहेत, आणि माझ्या यादीत पहिलं काम अजून तेच आहे: बोरीची सकाळची एसटी.