विरेशच्या हातचा चहा

आमच्या मुरूम गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते त्या घरच्या सुनेआधी मला कळतं म्हणतात. खोटं न्हाय. पण शरणबसप्पाच्या घरातलं हे तर माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्याची बायको लक्ष्मम्मा, म्हणजे त्याची सख्खी भाचीच. "आजीच सासू झाली, आता गाऱ्हाणं कुणाकडं नेणार?" असं तिच्या लग्नात मीच खिदळलो होतो. लेक शिवप्रिया ठणठणीत निघाली. धाकटा विरेश मात्र सातव्या वर्षापासून दिवेलागणीला ठेचकाळायला लागला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा झिजतोय. दोष आईबाप दोघांच्या रक्तातनं आलाय, इलाज नाही. आम्ही ठरवलं, बाईनं पोटुशी असताना ग्रहण पाळलं नसणार. ही अफवा कुणी पसरवली ते विचारू नका.

बाराव्या वर्षी विरेशला दिवसाही नळीतून बघावं एवढंच दिसायचं. पण पोरगं मानी. घरात पावलं मोजून असं वावरायचं, की पाव्हण्याला पत्ता लागू नये.

अशात लक्ष्मम्माचा भाऊ बसवराज शिवप्रियाला मागणी घालायला आला. चार माणसांत मीही होतोच.

"अक्का, मामाचा हक्क हाय. तुला न्हाय का दिली मामाला?"

"दिली म्हणूनच नको म्हणते. विरेशकडं बघ जरा."

"त्याला काय झालंय? गाजरं चार त्याला."

"पेंडीत कालवून," मी पुस्ती जोडली. बैठक हसली. शरणबसप्पा म्हणाला, "सुपारी फोडा."

लक्ष्मम्मा आत गेली. चहाचं ताट विरेशच्या हातात दिलं आणि त्याच्या रोजच्या वाटेत हळूच पाट सरकवला. मला दिसलं. मी गप्प बसलो. पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

पोरगं ऐटीत आलं, पाटाला अडखळलं. चहा बसवराजच्या मांडीवर. तो किंचाळत उठला. विरेश खाली बसून फुटके कप चाचपडत होता, तुकडे नव्हते त्या बाजूला.

"बघितलंस?" लक्ष्मम्मा म्हणाली. "असलंच पोर शिवप्रियाच्या पदरात घालायचंय?"

सुपारी फुटली नाही. त्या पंचमीला बसवराज बहिणीला माहेरी न्यायलाही आला नाही.

पाव्हणे गेल्यावर विरेशनं विचारलं, "अव्वा, पाट तूच ठिवलास ना?"

"व्हय."

तेव्हापासून पोरगं स्वतःच्या घरात भिंत धरून चालतं. आईनं हात दिला तर झटकतं.