पाहुण्यांचा वाफा

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही रोग बरा केलेला नाही, आणि हे ते कुणी विचारण्याआधी स्वतःच सांगतात. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात अशी माणसं दुर्मीळ. इथे दर दुसऱ्या फार्महाउसच्या फाटकात कुठल्या तरी पाल्याने मधुमेह पळवून लावणारा गृहस्थ पांढऱ्या कुडत्यात उभा असतो, आणि त्याला सगळं माहीत असतं. साडू मात्र निवृत्त झाल्यापासून पाला कुटतायत, उकळतायत, गाळतायत आणि शेवटी वहीत लिहितायत, "परिणाम दिसला नाही." या एका वाक्याने भरलेल्या अकरा वह्या त्यांच्या कपाटात आहेत. नेरळला आमच्याकडे ते येणार असले की माझी बायको आधी तुळशीची कुंडी आत घेते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खोपोलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली आणि आता ते कर्जतला राहतात. निरोपसमारंभात मिळालेली शाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्क गाळायला घेतली. शाल जाड असल्याने अर्क फार सावकाश उतरतो, असं निरीक्षण पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. बाटल्या ते शिळफाट्यावरच्या भंगारवाल्याकडून आणतात. त्या मूळच्या कसल्या असतात ते सांगायला नको. पण त्यामुळे त्यांच्या फ्रिजमध्ये डोकावणाऱ्या पाहुण्याचा चेहरा आधी उजळतो आणि बूच काढल्यावर विझतो. घरातला मिक्सर एकच. त्यांच्याकडच्या खोबऱ्याच्या चटणीला कधी कडुनिंबाची चव असते, कधी घाणेरीचा वास, आणि विचारलं तर "धुतलाय, पण पूर्ण धुतला गेला नसावा," असं प्रामाणिक उत्तर मिळतं. लोकांकडे पाव शिळा होतो, त्यांच्याकडे त्याच्यावर संशोधन सुरू होतं. ओट्यावरच्या फळीवर पावाच्या आठ चकत्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर वेगळ्या अर्काचे थेंब, आणि सकाळी आंघोळ करून साडू भिंग घेऊन त्यांच्यावर किती बुरशी आली ते मोजतात. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, एकदा म्हणाली, "देवाला नैवेद्य चुकला तर चालतो या घरात. बुरशीचा पाव चुकत नाही."

पण साडूंचा खरा कुळाचार म्हणजे तुलना. एका गोष्टीवर औषध टाकलं तर तशाच दुसऱ्या गोष्टीवर टाकायचं नाही, नुसतं पाणी टाकायचं. नाहीतर गुण औषधाचा की नशिबाचा, ते कळणार कसं? तत्त्व बिनतोड आहे, फक्त ते घरात वापरू नये. आमच्या सासऱ्यांचे गुडघे धरले तेव्हा साडूंनी निर्गुडीचं तेल कढवून आणलं आणि महिनाभर रोज येऊन फक्त उजव्या गुडघ्याला चोळलं. "जावईबापू," सासरे शेवटी काकुळतीने म्हणाले, "डाव्याने काय पाप केलंय?"

"तो तुलनेसाठी आहे," साडू म्हणाले.

महिन्याअखेर दोन्ही गुडघे सारखेच दुखत होते. दुसऱ्या कुणीही उजवा जरा बरा आहे असं सासऱ्यांकडून वदवून घेतलं असतं, आणि सासरे बिचारे जावयाच्या मानासाठी म्हणालेही असते. साडूंनी वही काढली. परिणाम दिसला नाही.

मग त्यांना भांबुर्डा सापडला. सापडला म्हणजे काय, भातकापणी झाली की आमच्या शेतांतून तो आपोआप माजतो. उग्र वासाचं तण. साडूंचा विचार साधा होता: "गुरं ज्याला तोंड लावत नाहीत, त्याला बुरशी तरी का लावेल?" पावाच्या चकतीवर भांबुर्ड्याचा अर्क टाकला तर आठवडाभर बुरशी फिरकली नाही. साडूंनी तीन वेळा पाव बदलून पाहिला, बेकरी बदलून पाहिली. त्या काळात ते जेवताना मध्येच हसायचे, असं ताई सांगते.

त्यांनी कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका काकूंच्या शेतात वालाचे दोन वाफे मागून घेतले. वालाच्या शेंगांवर करप्याचे काळे ठिपके पडतात, तो रोग अर्काने अडतो का ते बघायचं होतं. एका वाफ्यावर अर्क, दुसऱ्यावर पाणी. मधल्या बांधावर उभं राहून साडू आठवड्यातून दोनदा पंपाने फवारत आणि काकू बांधापलीकडून बघत. "पाण्याच्या वाफ्याला पन वाईच औषध मारा की," त्या सांगत. "त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" काकू आणि आमचे सासरे यांची कधी भेट झालेली नाही.

पहिल्या वर्षी फरक दिसला. साडूंना तो पुरेसा वाटला नाही. दुसऱ्या वर्षी अधिक दिसला. तेव्हा त्यांनी शेतीखात्यातल्या एका साहेबांना पत्र लिहिलं, आणि चौथ्या पत्राला उत्तर आलं: साहेब शेंगा भरल्यावर येतील, त्यांच्यासमोर मोजणी होईल, आणि फरक डोळ्यांना दिसला तर खात्याच्या जमिनीवर हा प्रयोग मोठा करून बघतील. साडूंनी ते पत्र वहीत चिकटवलं. बारावी वही होती. बाकीच्या अकरा वह्या जणू त्या एका पानासाठी लिहिल्या होत्या.

त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. समारंभ म्हटला की मला एरवी पोटात दुखतं, पण साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातलेला मी प्रथमच पाहत होतो. साहेब आले. गावाने नारळ दिला, फुलं दिली, एकाने साहेबांसमोर शेतीच्या भवितव्यावर भाषण केलं. हा गृहस्थ शेत विकून मोकळा झालेला होता. मग काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मोजायचं ते मागनं मोजा. आदी दोन घास खावा. पोपटी लावलीय."

पोपटी आमच्याकडे थंडीत संध्याकाळी लावतात, पण साहेबांना लवकर परतायचं म्हणून काकूंनी दुपारीच लावली होती. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, मीठ-ओवा टाकून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, पाल्यानेच तोंड बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मडकं फुटलं, वास सुटला, आणि आम्ही सगळे पत्रावळीभोवती बसलो. साहेबांनी तीनदा घेतलं. साडूंनीही खाल्लं. "शेंगा काय सुरेख आहेत," साहेब म्हणाले. "एकीवर डाग नाही."

साडूंचा हात तोंडाशी थांबला.

"काकू," त्यांनी विचारलं, "या शेंगा कुठल्या?"

"कुटल्या म्हंजे? तुमच्याच वाफ्यातल्या."

"कुठल्या वाफ्यातल्या?"

"वाफा कोन बगतंय? शेंग बगायची. नितळ दिसली की तोडली. मी हिकडनं आनि सून तिकडनं. आता सायबाच्या पानात काय डागाच्या वाढू?"

आम्ही शेतात गेलो. दोन्ही वाफ्यांत ठिपक्याठिपक्यांच्या शेंगा तेवढ्या शिल्लक होत्या. दोन वर्षांत प्रथमच अर्काचा वाफा आणि पाण्याचा वाफा अगदी सारखे दिसत होते. उरलेला पुरावा टरफलांच्या ढिगात होता, आणि तोही असा की आता प्रत्येक शेंग, दोन्ही वाफ्यांतली, भांबुर्ड्यात तासभर शिजून निघालेली. तुलनेसाठी पृथ्वीवर काहीही उरलं नव्हतं.

काकूंना काय झालं ते कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या साडूंच्या कानाशी लागल्या. "औशदाच्या वाफ्यातल्या व्हत्या म्हनून सांगा. मी हाय साक्षीला. खोटं बी नसंल, तितंच जास्त नितळ व्हत्या." खरं सांगायचं तर त्याच क्षणी मीही दुसऱ्या कानाशी तेच सांगत होतो. सोंगाढोंगाची थट्टा करण्यात माझा जन्म गेला, पण त्या इस्त्रीच्या शर्टासाठी मी एक छोटंसं खोटं आनंदाने पचवलं असतं.

"मला माहीत नाही," साडू साहेबांना म्हणाले. "चांगल्या शेंगा कुठल्या वाफ्यात किती होत्या, ते आता सांगता येणार नाही." आणि बांधावर बसून त्यांनी बारावी वही उघडली. मी वाकून पाहिलं. 'फळ: पाहुण्यांनी खाल्ले. निष्कर्ष: नाही.' मग काकूंकडे बघून ते म्हणाले, "पोपटी मात्र उत्तम झाली होती." काकूंनी पदराने डोळे टिपले आणि साहेबांना घरी न्यायला म्हणून उरलेल्या शेंगा बांधून दिल्या.

साहेब पुढच्या वर्षी येतो म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना साडूंनी आजवर तीन पत्रं लिहिलीत. चौथं लिहायचं बाकी आहे.

काकूंच्या शेतात आता तीन वाफे असतात. एक अर्काचा, एक पाण्याचा, आणि तिसऱ्याच्या कडेला पत्र्याची पाटी: 'पाहुण्यांसाठी'. या वाफ्याला कुणीही हात लावावा. गेल्या थंडीत मी तिकडे गेलो तेव्हा साडू बांधावर खुर्ची टाकून बसले होते. आता त्यांचेच गुडघे धरलेत. ते फक्त उजव्याला तेल लावतात. खाली वाकता येत नाही, म्हणून ठिपक्यांच्या शेंगा मोजायचं काम माझ्याकडे आलं. भिंग घेऊन मी अर्काच्या वाफ्यात उकिडवा बसलो आणि एकेक शेंग उलटीपालटी करून मोजली. पलीकडे काकू भांबुर्डा उपटत होत्या. मडकं आणून ठेवलेलं दिसत होतं.

"किती?" साडूंनी विचारलं. पेन उघडून धरलेलं होतं.

अकरा होत्या. नऊ म्हणावं असं फार वाटलं. आठसुद्धा म्हणालो असतो.

"अकरा," मी म्हणालो.

"बरं," साडू म्हणाले, आणि त्यांनी अकरा लिहिले.