बाभळीचे दोन वाफे
१० मे. परसातल्या बाभळीच्या शेंगा झाडून जाळायला गोळा केल्या. त्यांच्या उग्र, गोडसर वासाने सत्तरच्या दशकातला, सासरी होटगी गावातला एक उन्हाळा आठवला. उघड्या माळावर गावचीच झाडं परत आणायची म्हणून जंगलखात्याच्या गार्डाने घरोघर दोन वाफे करायला लावले होते. एकात बाभळीखाली पडलेलं बी, दुसऱ्यात शेळीने शेंगा खाऊन लेंडीतून टाकलेलं, आणि पाणी दोन्हींना सारखं. चांगलं उगवेल तेच बी माळावर जाणार होतं. माझा लेंडीच्या बियांचा वाफा हिरवागार झाला, दुसरा कोराच राहिला. गार्ड बघायला आला, त्याच वेळी सासूबाई कोऱ्या वाफ्यात डाळीचं धुवण ओतत होत्या. "आत्याबाई, हे काय?" मी विचारलं. "रोजच घालते की. अशक्त पोराला दोन घास जास्ती नको व्हय?" महिन्याची मेहनत वाया गेली, असं वाटून मी कपाळावर हात मारला. गार्ड मात्र हसत सुटला. "वहिनी, एवढे लाड करूनही उगवलं नाही. आता शंकाच नको!" माळावर लेंडीचंच बी गेलं. आज तिथल्या बाभळींच्या सावलीत गुरं बसतात. ११ मे. शेंगा काही मी जाळल्या नाहीत. आज सकाळी पाटीभर उचलून शेजारणीच्या शेळ्यांपुढे ओतल्या आणि लेंड्या राखून ठेवायला सांगितलं.